उसनी टिकली

हां, तर आपण बटणापाशी थांबलो होतो.

कापड कारखान्याच्या गोदामात वजनकाट्यासमोर ती उभी. नोकरीचा पहिला दिवस, नव्या एप्रनची घडीसुद्धा मोडलेली नाही. काट्यामागे बसलेल्या तरुणानं तिच्याकडं न बघताच नाव विचारलं. आणि ही बया नाव सांगायचं सोडून म्हणते काय, "तुमचं तिसरं बटण दुसऱ्या दोऱ्यानं शिवलंय."

काटेवाल्यानं मान खाली घालून छातीकडं बघितलं. "दोन्ही पांढरेच आहेत की."

"एक पांढरा आहे. एक पांढरट आहे."

तो दिवसभर तागे चढवत होता, उतरवत होता आणि मधेच मान वाकवून बटणाकडं बघत होता. संध्याकाळी घरी जाऊन आईला विचारलं, तर आई म्हणाली, "खरंय रे बाबा, बटण धुण्यात तुटलं, मी उशीच्या अभ्र्याचा दोरा काढून लावलं. पण तुला सांगितलं कुणी?" बस्स. ज्या मुलीला हे दिसतं तिच्यापासून आयुष्यात काही लपवता यायचं नाही हे त्याला तिथंच कळायला हवं होतं. पण माणसाची बुद्धी ऐनवेळी गवत खायला जाते. पुढच्या वर्षी लग्न झालं. दोऱ्यानं जुळलेलं लग्न ते, चांगलं टिकलं.

कारखान्यात तिला घार म्हणायला लागले ते तेव्हापासून. तपासणी खात्यात ती उभी राहिली की कापडाची छाती धडधडायची असं पोरी म्हणायच्या. काम कसं, तर उतरतं काचेचं टेबल, खालून दिवे लावलेले. कापड वरून खाली सरकत यायचं, रात्रंदिवस, कुणाला सासू नसली तरी याचा सासुरवास असा. एकेका टेबलाशी दोघी उभ्या. डावी बाजू एकीची, उजवी दुसरीची. तुटका धागा दिसला, गाठ दिसली, तेलाचा डाग दिसला की त्यावर एक चिकटणारी गोल टिकली लावायची. प्रत्येकीचा रंग वेगळा. घारीची टिकली लाल. पाळी संपली की कुठल्या रंगाच्या किती टिकल्या लागल्या हे वरच्या हापिसात बघायचे, त्यावरून कोण किती पाण्यात ते ठरायचं.

आणि इथं त्या बायकांची एक रीत होती. तिला त्या उसनी टिकली म्हणायच्या.

सुरुवात कुणी केली देव जाणे. म्हणे फार पूर्वी एकीची दाढ सुजली होती, डोळ्यांतून पाणी थांबेना, तर शेजारणीनं आपल्या बाजूच्या दोषावर तिच्या रंगाची टिकली लावून दिली. झालं. मग कुणाला ताप, कुणाचं तान्हं रात्रभर जागवलेलं, कुणाचा नवरा आदल्या रात्री दंगा करून गेलेला, जिची नजर त्या दिवशी चालत नाही तिच्या रंगाची टिकली शेजारणीच्या बोटावर यायची. तीन नियम होते. मागायची नाही. आभार मानायचे नाहीत. आणि टेबल सोडलं की त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जुना मुकादम सगळं ओळखून होता. असा हात डावीकडून उजवीकडं निघाला की त्याला नेमका खोकला यायचा आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा. एकदा तर त्याला इतका वेळ खोकावं लागलं की बायकांनी त्याच्यासाठी कढत पाणी आणलं. "मुकादम, आज फार लागलाय हो खोकला." "आज तुमच्यापैकी निम्म्या आजारी आहेत, बायांनो, मी काय करू!"

धाकटी या टेबलाशी आली ती घारीच्याच शब्दावर. धाकटी म्हणजे तिची जाऊ, काटेवाल्याच्या लहान भावाची बायको. जावा-जावांचा उभा दावा असतो म्हणतात, तो बघायचा असेल तर यांच्या स्वयंपाकघरात बघावा. दोरीवर कुणाचे कपडे आधी, झाकण कुणी हरवलं, नळ कुणी ठिबकता ठेवला! एकदा एका चमच्यावरून दोघी चार दिवस बोलत नव्हत्या आणि चमचा काटेवाल्याच्या कोटाच्या खिशात निघाला. धाकटा भाऊ अकाली गेला, मागं एक मुलगी. तेव्हा घारीनं तोंड वाकडं करूनच का होईना, मुकादमाला सांगून धाकटीला आपल्या शेजारी उभं केलं. "घरात डोक्यावर बसलीच आहे, इथंही बसू दे." धाकटीची टिकली निळी.

घरात जीभ, टेबलाशी हात. घरात एकमेकींना एक शब्द उधार न देणाऱ्या या दोघी काचेशी उभ्या राहिल्या की एका बाईला चार हात असावेत तशा चालायच्या.

धाकटीचे डोळे जाताहेत हे घारीला डॉक्टरच्या आधी कळलं. कळणारच. एका सकाळी धाकटीनं चहा ओतला तो कपाच्या बाहेर, अगदी शांतपणे, धार न थरथरता. घार फडकं घेऊन उठली, पुसलं, आणि जन्मात पहिल्यांदा काही बोलली नाही. पुढं डॉक्टरांनी सांगितलं ते असं की, डोळ्याचा आतला पडदाच खराब होत चाललाय, चष्म्यानं भागायचं नाही, मधोमध धुकं राहणार आणि ते वाढत जाणार. धाकटीनं ती गोष्ट कुणालाच सांगितली नाही. घारीलाही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून घारीच्या डाव्या बोटावर लाल टिकली आणि उजव्या बोटावर निळी. कापड सरकतंय, ती आपली बाजू बघतेय, जावेची बाजू बघतेय, आणि तोंडानं मात्र चालूच, "काल भाजीत मीठ कुणी घातलं ग? समुद्रानं?"

असं वर्षानुवर्षं चाललं. आता माणसाचं कसं असतं, रोज आयतं मिळालं की ते आपलंच वाटायला लागतं. धाकटीलाही हळूहळू वाटायला लागलं की थोडं जाऊबाई बघतात, पण बरंचसं आपणच बघतो. खोटं नव्हतं बोलत ती. तिला खरंच तसं वाटायचं.

मग कारखान्यात बदल सुरू झाले. आधी गेला वजनकाटा. सरकता पट्टा आला, त्यावरून तागा जाताजाताच वजन होतं, कागद आपोआप निघतो. काटेवाल्याला एक दिवस हार न घालताच निरोप दिला. तो घरी आला आणि इतक्या वर्षांची सवय, स्वयंपाकघरात कांदा उचलला तरी तळहातावर तोलून बघायचा. मग गेला मुकादम. त्याच्या जागी भिंतीवर एक पडदा आला, त्यावर कोण किती वेळ बसलं, कोण किती वेळा उठलं, सगळं दिसायचं. त्याला खोकला येत नव्हता.

आणि एका सकाळी टेबलाच्या डोक्यावर कॅमेरे लागले. सोबत एक तरुण साहेब आला. वाईट नव्हता हो. नम्र, हसतमुख, सगळ्यांना मावशी म्हणायचा, स्वतःचा डबा बायकांच्यात बसून खायचा.

"मावशी, तुम्ही काही वेगळं करायचं नाही. रोजच्यासारखं काम करा. तुम्ही टिकली लावाल ते हा कॅमेरा बघेल आणि शिकेल."

"आणि हा शिकला की आम्ही काय करायचं?" घारीनं विचारलं.

"तुमच्या डोळ्यांना आराम."

"डोळ्यांना आराम म्हणजे पोटालाही आरामच ना?"

बायका हसल्या. साहेबही हसला. मग कुणीच हसलं नाही.

बातम्या फिरायला लागल्या. एक म्हणाली, सगळ्यांना काढणार. दुसरी म्हणाली, ज्यांच्या टिकल्या कमी त्यांना आधी काढणार, चांगल्या नजरेच्या ठेवणार. ही दुसरी बातमी घारीच्या डोक्यात शिरली ती बाहेर निघेना. धाकटीची मुलगी तेव्हा परगावी नर्सिंग शिकत होती, वसतिगृहात राहून. ती पोर घारीला थोरली आई म्हणायची. शिक्षण पुरं व्हायला अजून बराच अवकाश होता. काटेवाला घरी बसलेला. धाकटी पहिल्या फेरीत गेली तर ती पोर मधूनच परत येणार, हा हिशेब मांडायला कागद लागत नव्हता.

तेव्हा घारीनं जे केलं ते त्या टेबलाच्या बाईशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. ती आपल्या स्वतःच्या बाजूच्या दोषांवरही निळी टिकली लावायला लागली. आधी अधूनमधून. मग सर्रास. कॅमेरे वरून बघत होते, शिकत होते. धाकटीच्या निळ्या टिकल्यांनी कापड फुलून यायचं, आणि लाल टिकली कुठं चुकूनमाकून.

काटेवाल्याला तिनं एकदा रात्रीच्या जेवणावर सांगितलं. तो घास हातात धरून बसला.

"आणि तुझं काय?"

"मला कोण हात लावतंय? कारखान्यात कुणालाही विचारा, घार कोण म्हणून."

"कुणाला विचारू? विचारायला उरलंय कोण?"

तिनं ते हसण्यावारी नेलं. आपली ओळख कारखान्यात आहे असं तिला वाटत होतं. पण ओळख होती ती मुकादमाच्या डोक्यात होती, काट्यामागच्या माणसाच्या डोक्यात होती, आणि ती डोकी कारखान्याच्या बाहेर पडून कधीच घरी बसली होती. पडद्यावर घार नव्हती. पडद्यावर लाल होती आणि निळी होती.

निकाल सांगायला सगळ्यांना खानावळीत बसवलं. साहेब जरा पडलेल्या चेहऱ्यानंच उभा होता. म्हणाला, यंत्र आता तयार आहे, टेबल बंद होतंय. पण यंत्राला अजून कुठं कुठं शंका येते, तिथं माणसाची नजर लागेल. एक जागा आहे. जिची नजर सर्वांत चांगली निघाली तिला ती मिळेल.

सगळ्या बायकांनी घारीकडं बघितलं. एकीनं तर तिचा दंडही दाबला.

"उजवी बाजू," साहेब म्हणाला. "निळी टिकली."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घारीनं तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे टेबलावरची सगळी उसनवारी उघडी करायची. तिथं एकही अशी नव्हती जिनं कधी उसनी टिकली घेतली नव्हती, आणि प्रत्येकीला कामाचा दाखला घेऊन उद्या दुसऱ्या दारात उभं राहायचं होतं. लबाड म्हणून शिक्का बसलेल्या बाईला कोण दारात घेतो? आणि पहिला शिक्का धाकटीवर.

साहेबाला वाटलं, घारीला वाईट वाटलंय. तो जवळ आला, समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, तुमचं काम शेवटी शेवटी फारच मंदावलं होतं. मनाला लावून घेऊ नका. वयानं होतं असं."

घारीनं तोंड मिटलं. मग म्हणाली, "होतं साहेब. वयानं होतं."

घरी आल्यावर काटेवाल्यानं आकाशपाताळ एक केलं. "जा आणि सांग! उद्याच्या उद्या जा! तुझ्या नजरेवर दुसरी..." पुढचं तो गिळून बसला, कारण दुसरी तिथंच दारात उभी होती.

धाकटी म्हणाली, "भाऊजी, सगळ्याच काही जाऊबाईंनी नाही लावल्या. निम्म्या तरी मी लावल्या असतील."

घारीनं तिच्याकडं बघितलं. धाकटी बोलताना हल्ली माणसाच्या तोंडाकडं बघायची नाही, कानाकडं बघायची, कारण मधोमध धुकं होतं आणि कडेनं थोडं दिसायचं. इतके दिवस घारीला तो आढ्यतेचा नखरा वाटत होता.

"निम्म्या असतील," घार म्हणाली. "जेवायला बस."

धाकटी कामावर जायला लागली. अख्खं तपासणी खातं रिकामं, टेबलं हलवलेली, कोपऱ्यात एक खुर्ची आणि एक पडदा. पलीकडं कापड आपलं आपण धावतंय, कुणी हात लावत नाही, कुणी शिवीही देत नाही. पहिल्या दिवशी ती घरी आली आणि पायातल्या चपला न काढता तशीच ओट्याशी बसून राहिली.

"काय झालं ग?" घारीनं विचारलं.

"कापडाचं चित्र दाखवतो. विचारतो, दोष आहे की नाही? दोनच बटणं. मला काही दिसत नाही, जाऊबाई. काही म्हणजे काहीच दिसत नाही. मी आपली आहे, आहे, आहे, दाबत बसले."

हे तिनं पहिल्यांदाच तोंडानं कबूल केलं. घारीनं हातातला बटाटा सोलून पुरा केला. आता यावर दुसरी कुणी जाऊ असती तर म्हणाली असती, भोग आता कर्माची फळं. घारीच्याही जिभेवर ते आलंच असणार, कारण तिच्या जिभेवर काय येत नव्हतं! पण ती म्हणाली, "चपला काढ. घर झाडलंय मी."

आणि बघा, गरजवंताला कुठून दार उघडतं. दोन-चार दिवसांतच कारखान्याला ते रिकामं खातं उजेडात ठेवणं जड व्हायला लागलं. यंत्राला दिवे लागत नाहीत, ते अंधारातही बघतं. एका माणसासाठी अख्ख्या दालनात दिवे कशाला? मग साहेबानं धाकटीला पाटीएवढा एक पडदा दिला. "मावशी, आता घरूनच करा. चहा पीत करा." त्याला वाटलं तो उपकार करतोय, आणि एका परीनं करतही होता.

पडदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. धाकटी खुर्चीत बसली, बोट बटणावर. घार ओट्याशी कांदा चिरत होती, पाठमोरी. मधेच वळली, डोळ्यांना पाणी लागलेलं, तसंच पडद्याकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "गाठ."

धाकटीनं बटण दाबलं.

"हे काही नाही, दिव्याची सावली आहे. हं. आडवा धागा सुटलाय. हे तेल. हे काही नाही. अगं दाब की, पुढचं येऊ दे."

अशी टिकली पुन्हा सुरू झाली. नियम तेच. मागितली नाही, आभार मानले नाहीत. खुर्चीत धाकटी, मागं उभी घार. नाव धाकटीचं, पगार धाकटीचा, नजर घारीची, आणि पोर परगावी शिकतेय. काटेवाला सुरुवातीला फणफणला, मग चहा करून द्यायला लागला. इतकंच काय, त्या स्वयंपाकघरात पुन्हा हशा ऐकू यायला लागला. घार म्हणायची, "या यंत्राला एवढीशी शंका येते, आपल्या सासऱ्यांना माझ्यावर यायची तेवढीसुद्धा नाही."

बाहेर मात्र गल्लीचा रंग उडत चालला होता. सकाळचा भोंगा बंद झाला, यंत्राला कोण उठवणार! भोंग्यावर घड्याळं लावणारे म्हातारे गोंधळून गेले. पाळी सुटताना बायकांचा जो लोंढा गल्लीतून जायचा, शिव्या, ओव्या, हसणं, एकमेकींच्या खांद्यावर हात, तो आटला. चहावाल्यानं बाकडी आत घेतली. टेबलावरच्या बायकांपैकी कुणी दूरच्या गावी भावाकडं गेली, कुणी दुसऱ्यांच्या घरची भांडी घासायला लागली, आणि एक घरात बसून मोबाईलवर टोमॅटोची चित्रं बघायची, पिकलंय की नाही, पिकलंय की नाही, दिवसभर. घारीला ती एकदा वाण्याच्या दुकानात भेटली तर समोरच्या टोपलीतले टोमॅटो बघून तिनं तोंड फिरवलं. दोघी मिळून हसल्या, पण पिशवी न भरताच ती बाई निघून गेली. पूर्वी एकीला ताप आला तर दुसरीच्या बोटाला कळायचं. आता कुणाला काय झालंय ते कुणाच्याच बोटाला कळत नव्हतं.

पडद्यावरच्या शंका कमी होताहेत हे पहिल्यांदा काटेवाल्याच्या ध्यानात आलं. जन्मभर वजनं केलेला माणूस, त्याला हलकं झालेलं लगेच कळतं. पूर्वी चहा गार व्हायचा इतकी चित्रं लागोपाठ यायची. आता चहा पिऊन, कप धुऊन, पुसून ठेवला तरी पडदा कोराच.

तो म्हणाला, "तुझ्या लक्षात येतंय का? तू एक उत्तर देतेस, तशी शंका त्याला परत येत नाही. तू त्याला शहाणं करतेयस. शंका संपल्या की काम संपलं, आणि काम संपलं की पोर घरी."

"मग काय करू?"

"खोटं सांग. दोष असेल तर नाही म्हण. गोंधळू दे त्याला."

धाकटी म्हणाली, "भाऊजी, मीच उलटं बटण दाबते ना."

आणि तिनं दाबून बघितलं. एका दुपारी घार गाठ म्हणाली की ही नाही दाबायची. यंत्र काय बोळ्यानं दूध पिणारं होतं? तेच चित्र उलटसुलट करून परत पुढं ठेवलं आणि खाली ओळ आली, तुमची उत्तरं आधीच्या उत्तरांशी जुळत नाहीत, असंच राहिलं तर हे काम दुसऱ्याकडं दिलं जाईल. धाकटीचा डाव फसला. कारण ढळढळीत गाठीला नाही म्हणणं हे आंधळ्याचं खोटं. यंत्राला फसवायचं तर अशा ठिकाणी खोटं बोलायला हवं जिथं चांगली नजरही घसरू शकते. पांढरा की पांढरट, अशा ठिकाणी. तिथलं खोटं पचलं असतं, शंका जिवंत राहिली असती, आणखी वर्षभर पुरली असती. पण ते ठिकाण ओळखायलाच नजर हवी. म्हणजे खोटंही घारीलाच बोलायला हवं होतं.

सगळं घर तिच्या तोंडाकडं बघायला लागलं. काटेवाला रोज सकाळी आठवण करायचा, "आज एक तरी." ती मान डोलवायची. तिचाही जीव त्या पोरीत होता. जन्म दिला नव्हता एवढंच. ती खुर्चीमागं उभी राहायची, ओठ घट्ट मिटून. चित्र यायचं. असं चित्र की दहा माणसांतली नऊ म्हणतील, काही नाही, साफ आहे. काटेवाला चहाचं भांडं धरून श्वास रोखायचा. आणि मग ती म्हणायची, "एक धागा जरा जाड आहे."

धाकटी बटण दाबायची. दुसरं काय करणार, तिला त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

काटेवाला भांडं आपटायचा. "अगं, मरणाच्या दारातली माणसंसुद्धा खोटं बोलतात!"

"बोलतात ना. मी कुठं नको म्हणतेय?" घार म्हणायची, आणि तिच्या कपाळावर खरंच घाम आलेला असायचा. "उद्या. उद्या नक्की."

उद्याचे उद्या गेले. चित्रं आणखी विरळ झाली. दिवसाकाठी मूठभर, मग चिमूटभर, मग एखादं, तेही इतकं अवघड की घार पडद्याला नाक लावून बघायची. आणि एक दिवस असा उजाडला की पडद्यावर फक्त एक ओळ होती, सध्या शंका नाही. ती ओळ दुसऱ्या दिवशीही होती. आठवडाभर होती. धाकटी रोज सकाळी वेणीफणी करून खुर्चीत बसायची, बोट बटणावर, आणि विचारायची, "जाऊबाई, काही आलं का?"

मग साहेबाचा फोन आला. आवाज पडलेला होता त्याचा. म्हणाला, "मावशी, यंत्र आता तुमच्या नजरेनं बघतं. आता त्याला कुणाची गरज नाही. पडदा न्यायला माणूस येईल. आणि माझीही दुसरीकडं बदली झालीय, म्हणजे बदली म्हणायची, एवढंच." धाकटीनं सगळं ऐकून "बरं" म्हटलं. ती नजर खरी कुणाची हे सांगावं तर तेही जमण्यासारखं नव्हतं.

माणूस आला, पडदा घेऊन गेला. महिन्याभरात पोर परत आली, पेटी घेऊन, शेवटचं वर्ष तसंच टाकून. आल्या आल्या तिनं आईच्या डोळ्यांची पापणी वर करून बघितली, मग घारीकडं बघितलं, आणि आत गेली. तेवढं शिकली होती. आजार कळण्यापुरतं शिकली होती.

त्या दुपारी काटेवाला काम शोधायला बाहेर गेलेला होता, म्हणजे कोपऱ्यावर जाऊन उभा होता. पोर आत झोपलेली. स्वयंपाकघरात दोघी जावा. टेबलावर जिथं पडदा असायचा तिथं रिकामी जागा, आणि सवयीनं धाकटी त्याच खुर्चीत, घार तिच्यामागं उभी. नळ ठिबकत होता, आणि कुणाच्या चुकीनं ते विचारायची उमेद दोघींतही नव्हती.

धाकटी मान न वळवता म्हणाली, "जाऊबाई, एकदा विचारते, परत नाही विचारणार. माझ्यासाठी नका सांगू, पण त्या पोरीसाठी तरी एक खोटं का नाही बोललात? एकच."

घारीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, रोज सकाळी ठरवून उभी राहायचे मी, आज एक तरी सोडून द्यायचं. पण दिसलं की तोंडातून निघून जायचं, शिंक आल्यासारखं. तू माझ्या डोळ्यांवर हात ठेवायचास की! एक हात तर तुझा रिकामाच होता."